कृतज्ञतेची वही कंटाळवाणी झाली असेल, तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सातपूरच्या एका कंपनीत तुम्ही हिशेबाचं काम करता, घरी यजमान, सासूबाई आणि दोन मुलं. कुणाचं तरी ऐकून तुम्ही रोज रात्री वहीत पाच चांगल्या गोष्टी लिहायला लागलात. सुरुवातीला झोपताना मन हलकं वाटायचं. आता रोज तेच उतरतं: घर, मुलं, तब्येत, नोकरी, आजचा दिवस नीट गेला. लिहिताना आत काही हलत नाही, उलट आपल्याला एवढं मिळूनही काही वाटत नाही म्हणजे आपण कृतघ्न आहोत का, अशी टोचणी लागते. त्यात यजमान म्हणतात, "तुला कशातच समाधान नाही." मग रोजच्या जगण्यात कृतज्ञता खरोखर आणायची कशी, असं तुम्ही विचारलंय.

आधी सरळ उत्तर देतो. तुम्ही कृतघ्न नाही आहात. रोज लिहिणं आजपासून थांबवा. आठवड्यातून एकदा लिहा, एका वेळी एकाच माणसाबद्दल लिहा, आणि लिहिलेलं कधी तरी त्या माणसापर्यंत पोहोचवा. नाशिकमध्ये समुपदेशनाचं काम करताना हा प्रश्न माझ्यापुढे बऱ्याच जणांनी मांडलाय, आणि बहुतेकांची अडचण तुमच्यासारखीच असते: भावना असते, पण पद्धत चुकीची हाती आलेली असते.

आठवड्यातून एकदाच का, ते सांगतो. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली जे प्रयोग प्रसिद्ध केले, तिथून या वहीची लोकप्रियता सुरू झाली. त्यातल्या पहिल्या प्रयोगात विद्यार्थ्यांचे तीन गट होते. एका गटाने ज्यांबद्दल कृतज्ञ वाटतं अशा जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहायच्या, दुसऱ्याने त्रासाच्या गोष्टी, तिसऱ्याने नुसत्या घडलेल्या गोष्टी. हे लिहिणं आठवड्यातून एकदाच होतं, १० आठवडे. कृतज्ञतेच्या गटाला आपलं आयुष्य एकूण बरं चाललंय असं जास्त वाटलं, येणाऱ्या आठवड्याबद्दल आशा वाटली, अंगदुखी-डोकेदुखीसारख्या तक्रारी कमी झाल्या. त्यांनी रोज लिहिण्याचेही वेगळे प्रयोग केले, पण ते दोन-तीन आठवड्यांचेच होते. पुढे २००५ मध्ये सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांनी एका गटाला आठवड्यातून एकदा आणि दुसऱ्याला तीनदा लिहायला सांगितलं. सहा आठवड्यांनी फरक दिसला तो एकदा लिहिणाऱ्यांमध्ये. तीनदा लिहिणाऱ्यांचं ते काम होऊन बसलं असावं, असा त्यांचा अंदाज. तुमचंही तेच झालंय. दिवसभराच्या हिशेबानंतर रात्री आणखी एक हिशेब.

दुसरं कारण जास्त खोल आहे. जे कायम असतं ते मनाला दिसेनासं होतं. गंगापूर धरणाचं पाणी सकाळी नळाला येतं, आपण बादली लावतो, त्यात नोंद घेण्यासारखं काही वाटत नाही. महापालिकेने दुरुस्तीसाठी एक दिवस पाणी बंद ठेवलं की मात्र प्रत्येक तांब्या मोजून वापरला जातो, आणि दुसऱ्या दिवशी नळाचा आवाज ऐकून बरं वाटतं. मन असंच घडलेलं आहे, त्यात तुमचा दोष नाही. म्हणूनच 'घर' असं लिहून मन हलणार नाही. ते घर नसण्याच्या किती जवळ होतं, हे आठवलं तर हलेल.

यावर एक चांगला प्रयोग झालाय. २००८ साली मिनक्युंग कू आणि सहकाऱ्यांनी लोकांना लिहायला लावलं की तुमची आणि तुमच्या जोडीदाराची भेटच झाली नसती, तर ते कसं घडलं असतं. दुसऱ्यांना भेट कशी झाली ते लिहायला सांगितलं. भेट न होण्याची शक्यता ज्यांनी लिहिली, ते आपल्या नात्याबद्दल जास्त समाधानी आढळले. प्रयोगाआधी लोकांचा अंदाज नेमका उलटा होता. हे मी नेहमी करायला सांगतो, आणि तुमच्या बाबतीत नोकरीपासून सुरुवात करा. ही नोकरी मिळाली नसती, तर? जागा रिकामी आहे हे कुणी कळवलं? मुलाखतीच्या दिवशी धाकट्याला कुणी सांभाळलं? टॅली तुम्हाला कुणी शिकवलं, आणि तेव्हा क्लासची फी कुठून आली? पाच ओळी लिहून होईपर्यंत 'नोकरी' हा शब्द बाजूला पडेल आणि तिथे तीन-चार माणसं उभी राहतील.

मला सांगायचं आहे ते या माणसांबद्दलच. कृतज्ञता मिळालेल्या वस्तूंची यादी केल्याने जागी होत नाही. कुणी तरी आपल्यासाठी काय सोसलं, हे नेमकं पाहिल्यावर ती जागी होते.

निफाड-दिंडोरीकडच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळणी होते. बैलाला धुऊन आणतात आणि जिथे वर्षभर जू बसलं, तो खांदा हळद-तुपाने चोळतात. दुसऱ्या दिवशी झूल, बेगड, शिंगांना रंग, पुरणपोळीचा घास हे सगळं होतंच. पण आदल्या संध्याकाळी हात जातो तो नेमका घट्टे पडलेल्या जागी. 'बैल उपयोगी आहे' ही सर्वसाधारण जाणीव तिथे पुरत नाही, ओझं कुठे बसलं ते शोधावं लागतं. आता ट्रॅक्टर आले, दारात बैल राहिले नाहीत, पण माणसांच्या बाबतीत मला याहून चांगली रीत सुचत नाही. ज्याच्याबद्दल कृतज्ञ व्हायचं, त्याचा खांदा कुठे दुखतो ते आधी पाहा.

सासूबाईंचं उदाहरण घेऊ, कारण तुम्ही त्यांचा उल्लेख दोनदा केलात आणि दोन्ही वेळा तक्रारीच्या सुरात. ते चूक नाही. एका घरात दोन बायकांचा संसार म्हटल्यावर कुरबुरी असणारच. पण वहीत 'सासूबाईंची मदत होते' असं लिहून काही होणार नाही. असं लिहून पाहा: 'सकाळच्या पाळीची बस चुकू नये म्हणून आई पाचला उठतात. थंडीत त्यांचे गुडघे धरतात, तरी ओट्यापाशी उभं राहून पोळ्या लाटतात. त्यांना हे कुणी सांगितलेलं नाही.' यात तीन गोष्टी आल्या. तुम्हाला काय मिळालं, त्यांना त्याची काय किंमत पडली, आणि त्यांनी ते आपणहून केलं. माणसाला कृतज्ञता कधी वाटते यावरच्या संशोधनात याच तीन बाबी पुन्हा पुन्हा येतात: मदतीचं मोल, मदत करणाऱ्याला पडलेली तोशीस आणि त्यामागचा हेतू. यातली तोशीस आपण हमखास विसरतो, कारण ती दिसू नये याची काळजी घरातली माणसं स्वतःच घेतात.

याच्या जवळ जाणारी एक जपानी पद्धत आहे, नायकान. इशिन योशिमोतो यांनी १९४०च्या दशकात ती घडवली. त्यात जवळच्या एका माणसाबद्दल तीन प्रश्न विचारायचे: त्यांच्याकडून मला काय मिळालं, मी त्यांना काय दिलं, माझ्यामुळे त्यांना काय त्रास झाला. त्यांनी मला काय त्रास दिला, हा चौथा प्रश्न त्यात मुद्दाम नाही, कारण तो आपण न विचारताही दिवसभर विचारतच असतो. तिसरा प्रश्न जड आहे. महिन्यातून एकदा, मन शांत असताना घ्या. ज्या माणसाने तुमच्यावर अन्याय केला असेल, त्याच्याबद्दल मात्र हा प्रश्न स्वतःला अजिबात विचारू नका.

आता लिहिलेलं पोहोचवण्याबद्दल. इथेच आपली माणसं अडतात. आईला, बायकोला, भावाला 'धन्यवाद' म्हणायचं म्हणजे परकेपणा वाटतो, समोरचाही म्हणतो, "काय झालं आज? बरं आहे ना?" हा संकोच आपला एकट्याचा नाही. २०१८ साली पाच खंडांतल्या आठ भाषांमधल्या घरगुती संभाषणांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. घरात, ओळखीच्या माणसांत कुणी काही मागितलं आणि दुसऱ्याने दिलं, तर तोंडाने आभार मानण्याचं प्रमाण सगळीकडेच फार कमी आढळलं. मीठ मागितलं, मीठ दिलं, जेवण पुढे चालू. रोजच्या देवघेवीत ते तसंच असू द्या. प्रत्येक चहाच्या कपाला आभार मानायला लागलात तर घराचं हॉटेल होईल.

पण जी तोशीस वर्षानुवर्षं कुणी बोलून दाखवली नाही, ती बोलायला हवी. आभाराचा शब्द वापरायची गरज नाही. काय पाहिलं ते सांगायचं, त्यामुळे आपलं काय झालं ते सांगायचं, आणि थांबायचं. "आई, तुम्ही पाचला उठता म्हणून मला बस मिळते. नाहीतर मला ही नोकरी जमलीच नसती." एवढंच. पुढे 'पण' जोडायचा नाही. 'तुम्ही खूप करता, पण मुलांना मोबाईल देऊ नका' या वाक्यातला पहिला अर्धा भाग ऐकू येत नाही. मोबाईलचं बोलणं दुसऱ्या दिवशी करा. आणि त्यांनी "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलला तर बदलू द्या. ऐकलेलं असतं.

बोलायला जड जात असेल तर लिहा. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये लोकांना कृतज्ञतेची पत्रं लिहायला लावली आणि विचारलं, वाचणाऱ्याला कसं वाटेल? लिहिणाऱ्यांना वाटत होतं की समोरच्याला अवघडल्यासारखं होईल. प्रत्यक्षात पत्र मिळालेले लोक त्या अंदाजाहून कितीतरी जास्त आनंदित झाले आणि खूप कमी अवघडले. आपली भाषा तोकडी पडेल ही लिहिणाऱ्यांची भीतीही फुकट गेली. वाचणाऱ्यांनी शब्दांची सफाई पाहिलीच नाही, त्यांना आपुलकी पोहोचली. तुमच्या शाळेतल्या एखाद्या बाई अजून नाशिकरोडला किंवा पंचवटीत राहत असतील, तर एका रविवारी पत्र घेऊन जा आणि समोर बसून वाचून दाखवा. मार्टिन सेलिग्मन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये तपासलेल्या व्यायामांपैकी सर्वांत मोठा फरक या भेटीने पडला होता. तो फरक साधारण महिनाभर टिकला, म्हणून वर्षातून अशा दोन-तीन भेटी ठरवाव्यात असं माझं मत. त्याच प्रयोगात दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी आणि 'ती का घडली' हे आठवडाभर लिहिणाऱ्यांचा फायदा सहा महिन्यांनंतरही दिसत होता. त्या 'का'कडे लक्ष द्या. तुमच्या वहीत 'का' नव्हता.

देणाऱ्याचं नाव घेणं ही या शहराला नवी गोष्ट नाही. पांडवलेणी या इथल्या बौद्ध लेण्यांत १८ क्रमांकाचं चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनेचं दालन, आहे. त्याच्या दारावरचं कोरीव काम पाहायला लोक थांबतात, फोटो काढतात. तिथेच ब्राह्मी अक्षरांत नोंद आहे की हे धंभिक गावाचं दान आहे. सुमारे दोन हजार वर्षांनंतर ते गाव आपल्याला माहीत आहे ते त्या एका ओळीमुळे. पुढच्या वेळी मुलांना घेऊन वर चढाल तेव्हा ती ओळ शोधून दाखवा. कृतज्ञतेवर भाषण देण्यापेक्षा ते बरं.

एक अडचण तुम्ही विचारलेली नाही, पण आपल्याकडे ती फार आहे: मिंधेपणा. कुणी मदत केली की कित्येकांना आधी ओझंच वाटतं. आता हे फेडायचं कसं? लग्नात त्यांनी पाच हजारांचा आहेर केला, आपण किती करायचा? या माणसांना कृतज्ञता जमत नाही, कारण ती सारखी हिशेबात असतात. ओझं आणि कृतज्ञता या दोन वेगळ्या भावना आहेत. ओझं वाटलं की माणूस देणाऱ्याला टाळतो, कृतज्ञता वाटली की जवळ जातो. तुमच्या मनात कुणाबद्दल नेमकं काय आहे हे ओळखायचं असेल, तर त्यांचा फोन आल्यावर पहिल्या क्षणी काय वाटतं ते पाहा. ओझं वाटत असेल तर जबरदस्तीने कृतज्ञ होऊ नका. कदाचित त्या मदतीला खरोखर अटी असतील, आणि तुमच्या मनाला ते बरोबर कळलं असेल. अटी नसतील, तर परतफेड लगेच करायची घाई सोडा. काही दिवस घेणारे म्हणून राहायला शिका. ते अवघड आहे, विशेषतः कर्त्या बायकांना, ज्यांना आयुष्यभर देणाऱ्याच्या जागी उभं राहायची सवय असते.

घराबाहेरही हेच सूत्र. सकाळी घंटागाडीवर येणाऱ्या माणसाला ओला-सुका कचरा वेगळा करून दिला, फुटलेली काच कागदात गुंडाळून वर लिहून दिली, तर त्याच्या हाताला काय सोसावं लागतं हे तुम्ही पाहिलं असा त्याचा अर्थ होतो. द्राक्षाच्या हंगामात पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या मजूर बाया मणी विरळणी करतात, म्हणजे घडातले जादा मणी काढतात, मान वर करून, दिवसभर. ज्यांच्या बागा आहेत त्यांना मी आग्रहाने सांगतो: सावली, पिण्याचं पाणी, ठरलेल्या दिवशी पूर्ण मजुरी, हीच पहिली कृतज्ञता. मजुरी थकवून दिवाळीला साडी दिली, तर ती कृतज्ञता होत नाही. कारखान्यांतही खंडेनवमीला यंत्राला हार घातला जातो, ते मला आवडतं. मात्र त्या यंत्रावर उभं राहणाऱ्याचं नाव साहेबाला माहीत नसेल, तर पूजा अर्धीच झाली.

देवाधर्माचं विचाराल तर, ज्याला रामकुंडावर हात जोडून बरं वाटतं त्याने जरूर जोडावेत. ज्याची श्रद्धा नाही त्याचंही यात काही अडत नाही.

आता तुमच्या यजमानांच्या वाक्याकडे येतो, कारण मला ते खटकलं. "तुला कशातच समाधान नाही" हे बहुतेक वेळा कुणी तरी काही मागितल्यावर म्हटलं जातं. तुम्ही थकला आहात, कामाची वाटणी हवी आहे, आणि उत्तर मिळतं की जे आहे त्यात सुख मान. कृतज्ञतेचा असा वापर मला मान्य नाही. एखाद्या गोष्टीबद्दल कृतज्ञ असणं आणि दुसरी गोष्ट बदलायला हवी असं म्हणणं, ही दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. सासूबाईंच्या पहाटेच्या कष्टांबद्दल तुम्ही मनापासून कृतज्ञ असू शकता, आणि रविवारी धुण्याची जबाबदारी यजमानांनी घ्यावी असं स्पष्ट सांगूही शकता. उलट सासूबाईंचा खांदा कुठे दुखतो ते दोघांनी मिळून पाहिलंत, तर पहाटेचं काम तिघांत कसं वाटायचं हा प्रश्न आपोआप पुढे येईल. ज्या घरात मारहाण आहे, सतत अपमान आहे, पैशांची कोंडी आहे, तिथे कृतज्ञतेचा कुठलाही व्यायाम मी सांगत नाही. तिथे आधी सुरक्षितता.

दुःखाच्या काळातही घाई नको. मार्चमध्ये तोडणीला आलेल्या बागेवर गारपीट झाली, आणि दुसऱ्या दिवशी कुणी शेतकऱ्याला म्हटलं, "जीव वाचला हेच खूप समजा," तर ते वाक्य सांत्वन करत नाही, त्याचं तोंड बंद करतं. त्याला आधी नुकसान मोजू द्यावं, बोलू द्यावं. शेजारी पंचनाम्याला बरोबर आले, भावाने डबा आणला, हे त्याला नंतर कधी तरी स्वतःहून आठवेल. आपण ते आठवून द्यायचं नाही.

आणि या सगळ्याची मर्यादाही माहीत असू द्या. कृतज्ञतेच्या व्यायामांवरचे अनेक अभ्यास २०२१ मध्ये एकत्र तपासले गेले, तेव्हा नैराश्य आणि चिंतेवर त्यांचा परिणाम होतो पण तो माफकच, असं दिसलं. हा उपचार नव्हे. तुमच्या प्रश्नात 'काही वाटत नाही' हे शब्द आहेत. ते फक्त वहीपुरतं आहे की मुलांच्या हसण्याने, आवडत्या जेवणानेही काही वाटेनासं झालंय? दोन आठवड्यांहून जास्त काळ तसं असेल, झोप-भूक बिघडली असेल, तर वही बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

तसं नसेल तर या रविवारी सुरुवात करा. दुपारचं जेवण उरकल्यावर पंधरा मिनिटं काढा. एक माणूस, एक प्रसंग, दहा-बारा ओळी. त्यात त्यांना काय तोशीस पडली ते आलंच पाहिजे, आणि ते घडलं नसतं तर काय झालं असतं हेही. पुढच्या रविवारी दुसरा माणूस. सुचत नसेल त्या रविवारी लिहू नका, रकाना भरायचा म्हणून लिहिलेलं काही उपयोगाचं नसतं. चार रविवार झाले की त्यातलं एक पान निवडा आणि त्या माणसाला सांगा, प्रत्यक्ष, फोनवर किंवा चिठ्ठीने.

मुलांना मात्र वही देऊ नका, आणि पाहुण्यांसमोर "थँक यू म्हण" असं दटावूही नका. जेवताना एखाद्या दिवशी विचारा, ही मेथी ताटात यायच्या आधी कुणाकुणाच्या हातातून आली असेल? धाकटा आधी "फ्रिजमधून आली" म्हणेल. मग भाजीवाल्या मावशी, मार्केट यार्डातले हमाल, पहाटे टेम्पो चालवणारा, खुडणी करणाऱ्या बाया अशी साखळी त्याची तोच जोडत जाईल. आणि शेवटी ती निवडली कुणी, हा प्रश्न आला की आजीकडे बोट जाईल. तेव्हा तुम्ही काही बोलू नका, आजीला बोलू द्या.